'कात', 'कातडे' आणि तुरट रस

शिरूर व दौंड या तालुक्यांच्या कोरडवाहू शिवारांत बाभूळ आणि तरवड सर्वपरिचित आहेत. दोहोंच्याही सालीने पूर्वी कातडी कमावीत. बाभळीच्या कोवळ्या काडीने दात घासण्याचा प्रघातही जुनाच. चामडे आणि हिरड्या, दोन्हींवर कार्य करणारे द्रव्य एकाच जातीचे : टॅनिन. रसायनशास्त्र त्याची गणना पॉलिफिनॉल वर्गात करते. ते प्रथिनांना बांधून ठेवते. कातडे कुजत नाही ते त्यामुळे, आणि बाभळीची काडी चावताना जीभ ओढल्यासारखी होते तीही त्यामुळेच. या अनुभवास आपण 'तुरट' म्हणतो. त्याचे मूळ संस्कृत 'तुवर' होय. वैद्यकग्रंथांतील संज्ञा 'कषाय'. तुरट रस, काढा आणि तांबूस रंग हे तिन्ही अर्थ त्या एका शब्दात नांदतात, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

या गावांच्या बाजारात विड्यासाठी मिळणारा कात मात्र खैराचा, आणि खैर म्हटला की कोकण आठवते. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून तो अर्क आटवितात. हाही तुरट, हाही टॅनिनयुक्त. म्हणून 'कात' आणि 'कातडे' यांचे नाते जोडण्याचा मोह विद्यार्थ्यांना हटकून होतो. (प्रस्तुत लेखकासही एकेकाळी झाला होता.) परंतु पहिल्याचा संबंध 'क्वाथ' म्हणजे काढा याच्याशी, तर दुसऱ्याचा 'कृत्ति' म्हणजे चर्म याच्याशी आहे. ध्वनिसाम्य उत्तरकालीन होय.

गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या पोर्तुगीज ग्रंथात 'काते' या द्रव्याची स्वतंत्र चर्चा आहे. पुढे युरोपीय औषधविक्रेत्यांनी त्यास 'कॅटेच्यू' म्हटले व त्यावरून एकोणिसाव्या शतकात 'कॅटेचिन' ही संज्ञा घडली. हिरव्या चहाच्या डब्यांवर आरोग्यदायी म्हणून मिरविणारे नाव ते हेच!

या वंशावळीवरून विड्याचे गुणगान करणे मात्र धाडसाचे ठरेल. शब्द उपयोगाची साक्ष देतो, गुणाची नव्हे. खुद्द कॅटेचिन 'सायनिडॅनॉल' या नावाने यकृतविकारांवर दिले जाई; रक्तपेशींचा नाश होऊ लागल्याने ते १९८५ साली मागे घ्यावे लागले. चहातील कॅटेचिनांचे गोळ्यांवाटे दररोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक सेवन यकृतास बाधक ठरू शकते, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली नोंदविले. आणि कात-सुपारीचा विडा तंबाखूवाचूनही कर्करोगकारक असल्याचा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा निर्णय २००३ सालचा आहे.