मोटारीचें आसन आणि खानदेशचा कापूस

जुनी मोटार हौसेनें दुरुस्तीस काढणारा मनुष्य प्रथम यंत्राकडे वळतो, नंतर पत्र्याकडे, नंतर रंगाकडे. आसनाकडे त्याचें लक्ष सर्वांच्या शेवटीं जातें. आणि तेंही बहुधा शिवण उसवून आंतील पदार्थ बाहेर डोकावूं लागल्यावर. मग तो पदार्थ भराभर उपसून टाकण्यांत येतो, बाजारांतून फोमचा ठोकळा आणला जातो, आणि दोन दिवसांत आसन नवें होतें. परंतु जें उपसून टाकलें तें काय होतें, हें जळगांव-धुळ्याच्या मनुष्यानें तरी एकवार पाहावयास हवें. कारण तें त्याच्याच काळ्या मातीच्या गोत्रांतलें आहे.

मोटार येण्यापूर्वीं खानदेशांत माणसें नेणारें घरंदाज वाहन म्हणजे दमणी. मालाची बैलगाडी निराळी आणि दमणी निराळी. दमणी हलकी, वर छत असलेली, वेगानें चालणाऱ्या बैलांची. लग्नाकार्याला, माहेरवाशिणीला आणावयाला आणि यात्रेला ती जुंपावयाची. तिला कमानी नसत. रस्त्याचा प्रत्येक खड्डा आंसावाटे थेट बसणाराच्या हाडांपर्यंत पोहोंचे, आणि त्यावर उपाय एकच : खालीं कडबा, त्यावर तरट, त्यावर कापसाची गादी आणि वर गोधडी. पुढें साहेबाच्या देशांतून आलेल्या मोटारीचें आसन उघडून पाहिलें, तर त्यांतही हाच क्रम दिसतो. कडब्याच्या जागीं पोलादी स्प्रिंगा आल्या, गोधडीच्या जागीं कातडें किंवा कातड्यासारखें कापड आलें; तरट आणि कापूस मात्र जागच्या जागीं राहिले.

या कापसाची हकीकत मोठी मौजेची आहे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तिकडचा कापूस विलायतेला पोहोंचेना, तेव्हां मँचेस्टरच्या गिरण्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. त्याच दशकांत आगगाडी खानदेशांत आली आणि जळगांव हें बघतां बघतां कापसाचें मोठें पेठेचें गांव बनलें. तरी मँचेस्टरची तक्रार कायम होती : या देशचा कापूस आंखूड आणि जाड. विसाव्या शतकाच्या आरंभीं खानदेश-वऱ्हाडांत ‘रोझियम’ नांवाचा कापूस फार पसरला. धागा आणखीच आंखूड, पण रुईचा उतारा भरपूर. म्हणून शेतकऱ्याला तो आवडे आणि सूत कातणाराला नावडे. पुढें जळगांवच्या कापूस संशोधन केंद्रांत ‘जरीला’सारखें सुधारलेलें वाण निवडलें गेलें, तें या तक्रारीपायींच.

पण सुताला जो दोष, तोच गादीला गुण! लांब, मऊ तंतूचा कापूस भरला तर तो लवकर दबून त्याची पोळी होते. आंखूड, जाड, किंचित् खरखरीत तंतु एकमेकांवर रेलून उभे राहतात, दाबले तर पुन्हा वर येतात. गिरणीच्या दारांत नाक मुरडलेला हा कापूस बैठकींत मानाचा ठरला, आणि हें ओळखणारा कारागीर मँचेस्टरचा नव्हता. तो गांवोगांव धनुकली खांद्यावर टाकून हिंडणारा पिंजारी होता. त्याच्या कमानीला जनावराच्या आंतड्याची तांत ओढलेली असे. दोन्ही टोकांना फुगीर असा लांकडी ठोकळा तो त्या तांतीवर मारी आणि तिच्या कंपनानें गांठाळलेला कापूस सुटून ढगासारखा फुले. वर्षानुवर्षें बसून बसून दगड झालेली गादी त्याच्या हातून अर्ध्या दिवसांत पुन्हा नवी होई. पदार्थ न बदलतां वस्तु नवी करण्याची ही विद्या होती, आणि ती मोटारीच्या उपयोगीं पडणार होती.

हिंदुस्थानांत मोटारींसाठीं पहिला देशव्यापी कायदा १९१४ सालीं झाला. १९२६ मध्यें फोर्ड कंपनीनें मुंबईस बस्तान मांडलें. १९२८ मध्यें जनरल मोटर्सनें शिवडीस गाड्यांची जोडणी सुरू केली. मुंबईहून आग्र्यास जाणारा जुना हमरस्ता धुळ्यावरून जातो. यापुढें मोटार ही केवळ संस्थानिकांची मिरास राहिली नाहीं. महाग गाडीचें आसन खऱ्या कातड्याचें असे, आंत घोड्याचे केस भरलेले असत. स्वस्त गाडीला हें परवडेना. तिच्यासाठीं विलायतेंतील कारखान्यांनीं कातड्याचें सोंग घेणारें एक कापड काढलें, आणि त्यांपैकीं मँचेस्टरजवळच्या हाइड गांवीं तयार होणाऱ्या ‘रेक्झीन’चें नांव आपल्याकडे अशा सर्वच कापडाला चिकटलें.

या सोंगाचें पोट फाडून पाहावें. रेक्झीनचें मूळ सुती कापड. त्यावर जो चकचकीत थर, तो नायट्रोसेल्युलोजचा. आणि नायट्रोसेल्युलोज करावयाचें तें सरकीला चिकटून राहणाऱ्या बारीक लवेवर नत्राम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया करून. म्हणजे वरचें कापड कापसाचें, त्यावरचा मुलामा कापसाचा, शिवणीचा दोरा कापसाचा आणि आंतली भरही कापसाची. जें आसन पाहून गांवकरी ‘काय कातडें आहे!’ म्हणत, त्यांत बहुधा कातड्याचा कपटाही नव्हता. बंदुकीची धूररहित दारूही याच पदार्थाची भावंड. म्हणून फार जुनें रेक्झीन काढल्यावर तें अंगणांत जाळूं नये, तें भडकून पेटतें.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलें. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास जी पहिली एस. टी. निघाली, तिची आसनें काथ्याचीं होतीं. १९५४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाट ११०० बनूं लागली. १९५७ पासून उत्तरपाड्याहून ॲम्बॅसेडर येऊं लागली, ती २०१४ पर्यंत येत राहिली. आज खानदेशांत ज्या जुन्या गाड्या हौसेनें जपल्या जातात, त्यांत या दोघी पुष्कळ. नायट्रोसेल्युलोज मागें पडून त्याच्या जागीं पी. व्ही. सी.चा मुलामा आला, नांव मात्र रेक्झीनच राहिलें. भरही बदलली. डनलॉप कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं १९२९ मध्यें रबराच्या चिकाचा फेस घट्ट करून दाखविला होता. १९३७ मध्यें जर्मनींत ओटो बायर यानें पॉलियुरेथेन शोधून काढलें, आणि त्याचा मऊ फोम दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर पसरला. पिंजाऱ्याची तांत हळूहळू मुकी झाली.

आतां आसन स्वतःच्या हातांनीं नवें करावयाचें तर कसें, हेंही या इतिहासाच्याच क्रमानें सांगतां येतें. कारण तें काम म्हणजे इतिहास उलट्या बाजूनें उलगडणें. आवरण फाडूं नये. शिवण एक एक टांका कापून उसवावी. सुटलेला प्रत्येक तुकडा हाच नव्या कापडाचा नमुना, म्हणून त्यावर पुढची बाजू, मागची बाजू, डावा-उजवा असें खडूनें लिहावें, आणि जोडावयाच्या कांठांवर समोरासमोर खुणा कराव्या. उसविण्यापूर्वीं छायाचित्रें घ्यावीं. याचा आळस करणारा मनुष्य आठ दिवसांनीं तुकड्यांपुढें हताश होऊन बसलेला आढळतो. आवरण सांगाड्याला तारेच्या लहान कड्यांनीं बांधलेलें असतें. त्या पकडीनें उलगडाव्या.

आवरणाखालीं कापसाचा थर लागतो, त्याखालीं काथ्या, त्याखालीं गोणपाट आणि शेवटीं स्प्रिंगा. गोणपाट फाटलें असेल तर नवें घालावेंच. तें नसेल तर स्प्रिंग भरीत घुसते आणि वरचें सर्व काम फुकट जातें. सांगाड्याचा गंज खरवडून रंग द्यावा. सैल पडलेल्या स्प्रिंगा मजबूत सुतळीनें एकमेकींस व चौकटीस बांधाव्या, सर्वांची उंची सारखी ठेवावी. काथ्या तुटून भुगा झाला नसेल तर झटकून, वाळवून पुन्हा वापरतां येतो. कापसाचें तर विचारूंच नये : पन्नास वर्षांचा घट्ट गोळा पिंजून घेतला कीं पुन्हा फुलतो. धनुकलीचा पिंजारी आतां क्वचितच भेटतो. परंतु गादीवाल्याकडे पिंजण्याचें यंत्र असतें आणि त्याला हें काम सांगतां येतें. पिंजलेला कापूस मधोमध जाड, कडेला पातळ असा पसरून त्यावर मांजरपाट ताणावा व दाभणानें कडेनें टांचावा. नवशिक्याचा हात बहुधा येथेंच फसतो. तो भर कमी घालतो, आणि महिन्याभरांत आसन खोलगट होतें. मांजरपाटाखालीं भर हवी त्याहून थोडी उंच दिसली पाहिजे.

शिवणींत एकच गोष्ट जपावयाची. कापडाला टांका बारीक तितका चांगला, रेक्झीनला नव्हे. दाट टांक्यांनीं त्याला टपालाच्या तिकिटासारखीं भोकें पडतात आणि त्या रेषेवर तें फाटतें. इंचाला सात-आठ टांके पुरेत. जोडावर दोरी घालून केलेली गोट घरच्या शिलाईयंत्रावर जाड होते, सुई मोडते. तेवढें काम बाजारांतल्या कुशनवाल्याकडून करून घेण्यांत कमीपणा नाहीं.

फोम वाईट असें नाहीं. तो हलका, सोपा, धूळ न धरणारा. पण त्याची म्हातारपणीं पिवळी भुकटी होते आणि भुकटीला पिंजून कांहीं उपयोग नाहीं. शिवाय वैशाखांत भुसावळ-जळगांवकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हां फोमवरच्या रेक्झीनवर बसलेल्याची पाठ भिजून निघते. सरकारी ॲम्बॅसेडरच्या मागील आसनावर पांढऱ्या टॉवेलाचें आच्छादन घालीत, त्यांत डौलाचा भाग असेल; पण रेक्झीन जाणणाऱ्याला त्यांतला खरा अर्थ कळतो. शेवटीं तेथेंही कापूसच घालावा लागला.

तयार आवरण चढविण्यापूर्वीं तें ऊब देऊन मऊ करावें लागतें, नाहींतर कोपरे बसत नाहींत. थंड देशांत यासाठीं गरम हवेचें यंत्र लागतें. जळगांवास किंवा धुळ्यास तें विकत घेण्याचें कारण नाहीं. चैत्रांतल्या दुपारीं आवरण अंगणांत पालथें पसरून थोडा वेळ ठेवावें, मऊ होतांच उचलून पुढच्या कडेपासून मागें ओढीत यावें, आणि दोघांनीं मिळून कड्या आवळाव्या.