चौकोनातलं पहिलं घर

बारावीला बायोलॉजी घेतलं असेल तर पनेटचा चौकोन तुम्हीही काढला असेल. वर एका पालकाची जनुकं, डावीकडे दुसऱ्याची, मध्ये चार घरं. घरं भरली की मार्क मिळाले. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर मी तो विसरूनही गेले. तो पुन्हा भेटला अमेरॉकाना नावाच्या कोंबडीमुळे.

ही कोंबडी निळी अंडी घालते. फोडून बघितलं तर कवच आतूनही निळंच. तपकिरी अंड्याचं तसं नसतं, तिथे रंग म्हणजे वरचा लेप. त्यामुळे निळ्या आणि तपकिरी वंशांचा संकर झाला की निळ्यावर तपकिरी लेप चढतो आणि अंडं हिरवट दिसतं. केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट यांनी, म्हणजे त्याच चौकोनवाल्यांनी, १९३३ मध्ये या निळ्या अंड्यावर शोधनिबंध लिहिला. निळा रंग प्रभावी आहे, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनही जनुक आलं तरी पुरतं, हे त्यांनी दाखवलं. ते जनुक मुळात कशामुळे बदललं, हे कळायला २०१३ उजाडलं. फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या डीएनएमध्ये घुसून बसला होता. एका अर्थी हा बगच. फक्त तो इतका सुंदर निघाला की कोणी काढलाच नाही.

गोष्ट सुरू होते चिलीत. तिथल्या मापुचे लोकांकडे दोन प्रकारच्या कोंबड्या होत्या. एक बिनशेपटीची, निळी अंडी घालणारी कोलोन्का. दुसरी केत्रो, जिच्या कानांपाशी डूल घातल्यासारखे पिसांचे झुपके. रुबेन बुस्तोस नावाच्या चिलीतल्या गृहस्थांनी दोघींचा संकर करून बिनशेपटीच्या, झुपकेवाल्या, निळी अंडी देणाऱ्या कोंबड्या तयार केल्या. साल्वादोर कास्तेयो या स्पॅनिश प्राध्यापकांनी १९१४ मध्ये त्या पाहिल्या आणि १९२१ मध्ये हेगच्या जागतिक कुक्कुट परिषदेत ही नवीच प्रजाती असल्याचं जाहीर केलं. काही वर्षांनी त्यांनी स्वतःच चूक कबूल केली, पण तोवर कोंबडी प्रसिद्ध झाली होती. तिला चिकटलेलं अरॉकाना हे नावही मापुचेंचं नव्हे. स्पॅनिश लोक मापुचेंना जे म्हणत, त्यावरून ते आलं.

अमेरिकेत आल्यावर या कोंबड्यांची भरपूर सरमिसळ झाली. शेपटीवाल्या, बिनशेपटीच्या, झुपकेवाल्या, दाढीवाल्या. अंडं निळं असलं की सगळ्याच अरॉकाना. अखेर १९७६ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने व्याख्या पक्की केली: अरॉकाना म्हणजे शेपूट नको आणि झुपके हवेत.

इथे तो चौकोन परत येतो. झुपक्यांचं जनुकही प्रभावी आहे, पण आईकडून आणि बापाकडून अशा दोन प्रती आल्या तर पिल्लू अंड्यातच मरतं. अंड्यातून पिल्लू बाहेर यायला २१ दिवस लागतात. हे पिल्लू साधारण १७ ते १९ व्या दिवशी जातं. चोच, पंख, नखं, सगळं तयार झाल्यावर. एकच प्रत असलेल्यांपैकीही काही दगावतात. थोडक्यात, बक्षीस मिळवणाऱ्या प्रत्येक झुपकेदार पक्ष्यात एकच प्रत असते. हा वंश कितीही पिढ्या वाढवला तरी त्या गुणात शुद्ध होणार नाही, कारण जे पिल्लू शुद्ध असतं ते जन्मालाच येत नाही.

व्याख्येबाहेर राहिलेल्या, शेपूट आणि दाढी असलेल्या निळ्या अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्यांनी मग आमच्या भाषेत ज्याला फोर्क म्हणतात तो केला. निळं अंडं ठेवलं, झुपके सोडले, दाढी आणि गालांवरचे भरघोस कल्ले घेतले, शेपूट राखली. नाव ठेवलं अमेरॉकाना. १९८४ मध्ये त्याच असोसिएशनने तिला मान्यता दिली. यामागे निव्वळ भूतदया होती असं नाही. आपल्या पक्ष्यांनाही प्रदर्शनात जागा हवी होतीच. पण त्या व्याख्येत मरणाची अट नव्हती.

काम सोपं मात्र नव्हतं. अमेरॉकानाची पिल्लं पहिल्याच दिवशी गुबगुबीत गालांवरून ओळखू येतात. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करत न्यायची. पहिलं अंडं पाच ते सात महिन्यांनी. खरी अडचण कोंबड्याची. तो अंडी घालत नाही, मग त्याच्यात निळं जनुक आहे का, एक प्रत की दोन, हे कळणार कसं? त्याचा बुटका, तीन ओळींचा तुरा थोडा इशारा देतो, कारण त्या तुऱ्याचं जनुक निळ्या जनुकाच्या जवळच असतं आणि दोन्ही बहुधा जोडीने उतरतात. खात्री हवी असेल तर त्याची जोडी निळं जनुक नसलेल्या कोंबड्यांशी लावायची, मुली वाढवायच्या आणि त्यांच्या अंड्यांची वाट बघायची. एका टेस्टचा निकाल यायला सात-आठ महिने. आमचा बिल्ड दहा मिनिटं अडकला तरी आम्ही वैतागतो.

अरॉकाना आजही पाळली जाते, प्रेमाने पाळली जाते. बरेच जण झुपकेवाल्या पक्ष्याची जोडी बिनझुपक्याच्या पक्ष्याशी लावतात, म्हणजे दोन प्रतींचा प्रश्नच येत नाही. काही पिल्लं तरीही जातात. व्याख्या मात्र झुपकेच मागते.

परीक्षेत मी नेहमी पहिल्या घरापासून सुरुवात करायचे. तिथे दोन कॅपिटल अक्षरं लिहायची आणि पुढे जायचं. ते सगळ्यात सोपं घर. झुपकेवाल्यांच्या चौकोनात त्या घराचा अर्थ असा, की २१ वा दिवस उलटून गेलाय, बाकीची पिल्लं ऊब देणाऱ्या दिव्याखाली चिवचिवतायत आणि हे अंडं अजून तिथेच पडून आहे.