बिबा उतण्याचा इतिहास

सह्याद्रीच्या कोरड्या उतारांवर आणि विदर्भाच्या पानझडी जंगलात वाढणारा बिब्याचा वृक्ष आंबा-काजूच्या कुळातला आहे. त्याचे फळ विचित्र असते. नारिंगी, मांसल देठ भाजून किंवा वाळवून खातात. देठाच्या टोकाला काळे, चपटे बी असते आणि त्याच्या आतला गर म्हणजे गोडंबी, बाळंतिणीच्या लाडवात पडणारी. या दोन खाण्याजोग्या भागांच्या मध्ये जे कवच असते, त्यात दाट, काळपट तेल भरलेले असते. ते कातडीला लागले की बिबा उततो. आधी खाज आणि लाली, मग पाण्याने भरलेले फोड, आणि फोड बसल्यावरही बराच काळ राहणारा काळा डाग. अंग उतेल या भीतीने या झाडाखाली झोपायचे टाळण्याची रीत जंगलालगतच्या गावांत जुनी आहे.

इतके त्रासदायक फळ माणसाने कधी टाकून दिले नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिल्याच अध्यायात, रसायनप्रकरणात, भल्लातकाचे म्हणजे बिब्याचे अनेक कल्प दिले आहेत. निवडलेली फळे धान्याच्या राशीत चार महिने पुरून ठेवायची, मग थंडीच्या महिन्यांत वापरायला काढायची. मात्रा दहा बिब्यांपासून चढत्या क्रमाने वाढवायची, पण एकूण प्रयोग हजारापलीकडे न्यायचा नाही. सगळ्यांत बोलकी सूचना वेगळीच आहे: काढा पिण्याआधी तोंड आतून तुपाने माखून घ्यावे. उतल्यावर काय करावे यापेक्षा उतू नये म्हणून काय करावे, याचा विचार इथे आधी झालेला दिसतो. वैद्यांच्या शोधनविधीतही तेच सूत्र आहे. बिब्याचे टोक कापून तो विटेच्या भुकटीत चोळायचा, म्हणजे वरचे तेल भुकटी शोषून घेते. ती भुकटी नंतर फेकून द्यायची.

बिबा समुद्रापलीकडेही गेला. अरब वैद्य त्याला बलाधुर म्हणत आणि स्मरणशक्ती वाढवणारे औषध मानत. नवव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेला इतिहासकार अल-बलाधुरी याचे नावच त्यावरून पडले, अशी परंपरा आहे. बलाधुर जास्त प्याल्याने भ्रमिष्ट झाला तो स्वतः की त्याचा आजोबा, यावर मात्र एकमत नाही. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या, पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताच्या संवादरूप ग्रंथात एक प्रकरण बिब्यावर आहे. या देशातले लोक त्याला ‘बिबो’ म्हणतात, अशी नोंद त्यात आहे.

औषधाच्या बटव्याबाहेर बिब्याला सर्वांत मोठे गिऱ्हाईक मिळाले ते परटाचे. बिब्याच्या टोकाला सुई टोचायची, वर आलेल्या तेलाने कपड्याच्या कडेला खूण करायची आणि त्यावर चुना लावायचा. खूण पक्की काळी होते आणि भट्टीत किंवा दगडावर कितीही आपटली तरी जात नाही. दहा घरांचे धोतर-सदरे एकत्र धुणाऱ्या माणसाला याहून स्वस्त शाई मिळणे शक्य नव्हते. इंग्रजांनी या फळाला दिलेले नावही खुणेच्या कामावरूनच पडले. घरोघरी बिबा पोचवायचे काम फिरत्या विक्रेत्या बायका करत. त्यांच्याकडून घेतलेला बिबा पोटदुखीवर फुली ओढायला, काटा रुतलेल्या टाचेला चटका द्यायला आणि दृष्ट लागू नये म्हणून पाळण्याला बांधायला उपयोगी पडे. दारावरच्या लिंबू-मिरचीच्या माळेत तो आजही दिसतो.

या तेलाचा एक उपयोग कोर्टकचेरीतला होता. मार लागल्याचा कांगावा करण्यासाठी अंगाला बिबा लावून काळेनिळे वळ उठवले जात, आणि डॉक्टरांना खरा मार ओळखावा लागे. भारतातल्या न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत म्हणूनच बिब्याला हमखास जागा असते. त्यातल्या कसोट्या साध्या आहेत. बनावट वळ स्वतःचा हात पोचेल अशाच जागी असतो, त्याच्या कडेला बारीक फोड येतात, तो खाजतो, आणि खाजवणाऱ्याच्या बोटांवर तसलेच डाग सापडतात. खऱ्या मुक्या माराचा रंग दिवसागणिक बदलतो, हा मात्र बदलत नाही.

दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांमुळे परटाची खूण वैद्यकीय नियतकालिकांत पोचली. मानेमागे, कंबरेशी, जिथे जिथे कपड्यावर खूण होती नेमके तिथेच त्यांना चट्टे उठत होते. 1943 मध्ये लष्करी डॉक्टरांनी याचे कारण मांडले. अमेरिकेच्या रानात पॉयझन आयव्ही नावाची वेल असते. तीही याच कुळातली, आणि तिच्या रसातला घटक बिब्याच्या तेलातल्या घटकाचा जवळचा भाऊ. त्या वेलीने ज्यांची कातडी आधीच संवेदनशील झाली होती, त्यांना धुतलेल्या कपड्यावरची सुकलेली खूणही पुरेशी ठरत होती. पिल्ले आणि सलीमुज्जमाँ सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञांनी 1931 मध्येच बिब्याच्या तेलाचा रासायनिक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यातला त्रासदायक घटक आता भिलावनॉल म्हणून ओळखला जातो.

उतणे ही मुख्यतः अ‍ॅलर्जी आहे, हे कळल्यावर घरगुती उपायांचा हिशोब लागतो. पहिल्या स्पर्शात काही न होणारा माणूस पुढच्या वेळी एक-दोन दिवसांनी सुजतो, आणि एकाच घरात एकाला बिबा उततो तर दुसऱ्याला नाही. काम सुरू करण्याआधी हाताला खोबरेल चोळण्याची पद्धत शहाणपणाची, कारण तेलाचा थर मध्ये राहतो. बिबा लागल्यावर वरून तेल चोळणे तेवढे निर्धोक नाही. तेलात विरघळलेला चीक पुसून काढला नाही तर तो पसरतो. लगेच साबणाने धुणे हाच पहिला उपाय, तोही पहिल्या काही मिनिटांतच खरा कामाचा. पिकल्या फोडातल्या पाण्याने मात्र उतणे पसरत नाही. ते पसरते नखांत, कोयत्याच्या मुठीवर आणि कपड्यावर राहून गेलेल्या चिकाने.

औषधनियमांच्या ई-एक परिशिष्टातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत आज भल्लातकाचे नाव आहे, त्यामुळे ते असलेले औषध वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायचे, अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. परटाच्या बिब्याची जागा कारखान्यातल्या शाईने आणि कागदी चिठ्ठीने घेतली. गोडंबीला मात्र मागणी टिकून आहे, आणि तिच्यासाठी बिबे अजूनही दगडावर एकेक करून फोडले जातात. हे काम बहुतेक बायकाच करतात. फोडताना उडालेले तेल हातावर, मनगटावर आणि कधी तोंडावर येते, म्हणून त्या हाताला राख किंवा तेल लावून बसतात. गोडंबी महागड्या सुकामेव्यात मोजली जाते. फोडणारीला मिळते ती वजनावर ठरलेली मजुरी.