वास्तववाद : खडी फोडणारे मजूर चित्रात कसे आले?
फ्रान्समध्ये गुस्ताव कुर्बे या चित्रकाराला रस्त्याकडेला खडी फोडणारे दोन मजूर दिसले. १८४९ मध्ये त्याने त्यांचंच चित्र काढलं, तेही तब्बल अडीच मीटर रुंद! एवढा मोठा कॅनव्हास तोवर राजे, लढाया आणि पुराणकथांसाठी असायचा. त्यामुळे पॅरिसच्या अनेक समीक्षकांना ते खटकलं. कपडे फाटके, चेहरेही धड दिसत नाहीत. कलेतला हाच 'वास्तववाद'.

साहित्यात एमिल झोला आणखी खोल गेला, अगदी शब्दशः. 'जर्मिनाल' (१८८५) या कादंबरीसाठी तो कोळशाच्या खाणीत उतरला होता. १९०२ मध्ये त्याच्या अंत्ययात्रेत खाणकामगारांनी घोषणा दिल्या, त्या याच नावाच्या.

कुर्बेचं चित्र मात्र १९४५ मध्ये ड्रेस्डेनजवळ बॉम्बहल्ल्यात नष्ट झालं. आता पाहायला मिळतात ते त्याचे जुने फोटो.