पेंटियमचा भागाकार

शाळेंत पाढे घोकणारा एक मुलगा डोळ्यांपुढें आणावा. एकापासून तीसपर्यंतचे सर्व पाढे त्याला तोंडपाठ आहेत. मात्र त्यांतील एक घर त्याला चुकीचें शिकविलें गेलें आहे. रोजच्या बाजारहाटांत ही उणीव वर्षानुवर्षें कोणाच्या ध्यानांत येणार नाहीं. परंतु ज्या दिवशीं हिशेब नेमका त्या घरावरून जाईल, त्या दिवशीं तो मुलगा चुकीचें उत्तर देईल, आणि तेंहि न अडखळतां देईल. अडखळणाऱ्या मुलाची चूक गुरुजींना तत्काळ कळते. ठासून चुकणाऱ्याची कळावयास मात्र फार वेळ लागतो. १९९४ सालीं अमेरिकेंत टेबलावर ठेवावयाच्या नव्या संगणकांविषयीं जो मोठा वाद माजला, त्याच्या मुळाशीं असलीच एक विसरलेली घरें होतीं.

कॅलिफोर्नियांतील इंटेल ही कंपनी संगणकाचा मेंदू, म्हणजे ज्याला प्रोसेसर म्हणतात तो सिलिकॉनचा तुकडा, तयार करणारी. २२ मार्च १९९३ रोजीं तिनें ‘पेंटियम’ नांवाचा नवा प्रोसेसर बाजारांत आणला. टपालाच्या तिकिटाहून लहान अशा जागेंत ३१ लक्ष ट्रान्झिस्टर बसविलेले होते. या कामाची धुरा वाहणाऱ्या अधिकाऱ्यांत पुण्यास जन्मलेले विनोद धाम हे प्रमुख होते. संगणक विकणाऱ्या कंपन्या निरनिराळ्या असत. पण ‘आंत इंटेल आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी यंत्राच्या दर्शनी भागावर चिकटविण्याची प्रथा इंटेलनें १९९१ पासून सुरू केली होती. त्यामुळें ज्या गिऱ्हाइकानें पेटीच्या आंतला तुकडा कधीं डोळ्यांनीं पाहिला नव्हता, त्यालाहि त्या तुकड्याच्या कर्त्याचें नांव ठाऊक झालें होतें. या गोष्टीचा परिणाम पुढें कंपनीच्या कल्पनेपलीकडचा झाला.

पेंटियमची ख्याति वेगाविषयींची होती, आणि वेग वाढविण्याच्या अनेक युक्त्यांपैकीं एक भागाकाराची होती. आपण कागदावर लांब भागाकार करतों तेव्हां प्रत्येक पायरीला ‘कितीदां जातें’ याचा अंदाज बांधतों. अंदाज चुकला तर खोडून पुन्हा मांडतों. यंत्राला खोडाखोड परवडत नाहीं. पूर्वीचा ४८६ हा प्रोसेसर प्रत्येक पायरीला उत्तराचा एकेक द्विमान अंक काढीत असे. पेंटियम एका पायरीला असे दोन अंक काढी. त्यासाठीं भाजकाचे व बाकीचे आरंभींचे अंक पाहून पुढचा अंक कोणता घ्यावा हें सांगणारें एक कोष्टक प्रोसेसरांतच कोरलेलें होतें. त्यांत १०६६ भरलेलीं घरें असावयाचीं होतीं आणि प्रत्येक घरांत उणे दोनपासून अधिक दोनपर्यंतचा एखादा अंक असावयाचा होता. अंक थोडा कमीअधिक निघाला तरी पुढच्या पायरीला तो सांवरून घेतां यावा, अशी या रीतीची खुबी आहे. परंतु पांच घरांत दोनच्या ऐवजीं शून्य राहून गेलें. एकदां बाकी त्या घरांत जाऊन पडली, कीं झालेली तूट पुढें कोणत्याहि पायरीला भरून निघत नसे.

हा दोष चवाठ्यावर आला तो व्यापाराच्या हिशेबांतून नव्हे, तर शुद्ध गणिताच्या एका प्रश्नांतून. व्हर्जिनियांतील लिंचबर्ग कॉलेजांत टॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक होते. ११ आणि १३, १७ आणि १९ अशा, दोहोंच्या अंतरानें येणाऱ्या अविभाज्य संख्यांच्या जोड्यांस जुळ्या अविभाज्य संख्या म्हणतात. या सर्वांच्या व्युत्क्रमांची बेरीज एका ठराविक मर्यादेबाहेर जात नाहीं, हें नॉर्वेचे गणिती व्हिगो ब्रुन यांनीं १९१९ सालीं सिद्ध केलें होतें. ती बेरीज शक्य तितक्या सूक्ष्मतेनें काढण्याचा उद्योग नाइसली यांनीं आरंभिला होता. मार्च १९९४ मध्यें त्यांनीं आपल्या जुन्या यंत्रांच्या जोडीला एक पेंटियमचा संगणक घेतला, आणि १३ जून रोजीं त्यांना आढळून आलें कीं बेरजा जुळत नाहींत.

यानंतर त्यांनीं जें केलें तें प्रत्येक विद्यार्थ्यानें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. यंत्राला बोल लावण्यापूर्वीं त्यांनीं स्वतःलाच दोष देऊन पाहिला. आपली आज्ञावली तपासली, तिचें यंत्रभाषेंत रूपांतर करणारें साधन तपासलें, संगणकाचे इतर भाग तपासले. तेंच गणित दुसऱ्या यंत्रांवर करून पाहिलें. चार महिने अशा रीतीनें एकेक शंका फेडीत ते ऑक्टोबरच्या मध्यापलीकडे एका संख्येपाशीं येऊन ठेपले. एकाला ८२४६३३७०२४४१ नें भागलें असतां उत्तराचे पहिले नऊ सार्थ अंक बरोबर येत, आणि दहावा चुके. ४८६ च्या यंत्रावर तेंच उत्तर अचूक येई. २४ ऑक्टोबर रोजीं त्यांनीं इंटेलला कळविलें. समाधानकारक उत्तर येईना, तेव्हां ३० तारखेस कांहीं परिचितांना पत्रें पाठवून त्यांच्या यंत्रांवर हाच भागाकार करून पाहण्याची विनंति केली. तीं पत्रें संगणकांच्या जाळ्यांतून हां हां म्हणतां जगभर गेलीं, आणि ७ नोव्हेंबरला एका अभियांत्रिकी वृत्तपत्रानें वार्ता छापली.

दक्षिण कॅलिफोर्नियांतील टिम को नांवाच्या अभियंत्यानें हातीं आलेल्या चुकीच्या उत्तरांवरून आंतलें कोष्टक कसें असावें याचा तर्क बांधला आणि त्याहून ठळक चूक दाखविणारी जोडी शोधून काढली. ४१९५८३५ ला ३१४५७२७ नें भागलें असतां १.३३३८२०४ असें उत्तर यावयास पाहिजे. सदोष पेंटियम १.३३३७३९० असें देई. हें पारखण्यास गणितीहि नको होता. आलेल्या उत्तराला पुन्हा त्याच भाजकानें गुणून तो गुणाकार मूळ संख्येंतून वजा केला, तर बाकी शून्य राहिली पाहिजे. सदोष यंत्रावर ती २५६ राही. ज्या घरीं नवा संगणक होता त्या घरीं ही परीक्षा दोन मिनिटांत करतां येऊं लागली. २२ नोव्हेंबर रोजीं दूरचित्रवाणीवर ही बातमी आली आणि प्रकरण विद्वानांच्या हातून सर्वसामान्यांच्या हातीं गेलें.

इंटेलची बाजू काय होती, हें न्यायबुद्धीनें पाहिलें पाहिजे. नाइसली यांचें पत्र येण्यापूर्वींच, त्याच उन्हाळ्यांत, कंपनीच्या स्वतःच्या तपासनिसांना हा दोष सांपडला होता. पुढच्या उत्पादनांत तो दुरुस्त करावा असें ठरलें; झाल्या गोष्टीचा बोभाटा करण्याचें मात्र कारण दिसलें नाहीं. कंपनीच्या मतें कोणत्याहि दोन संख्या घेऊन भागाकार केल्यास चूक होण्याचा संभव नऊ अब्जांत एकदां होता. हिशेबाचे तक्ते मांडणारा सामान्य मनुष्य दिवसाकांठीं सुमारें हजार भागाकार करतो असें धरलें, तर त्याला हा दोष २७,००० वर्षांत एकदां भेटेल. इतक्यासाठीं लक्षावधी प्रोसेसर बदलून देणें म्हणजे उधळपट्टी होय. म्हणून ज्याचें काम खरोखर सूक्ष्म गणिताचें आहे असें त्यानें पटवून द्यावें, त्यालाच नवा तुकडा मिळेल, असें धोरण कंपनीनें जाहीर केलें.

या उत्तरानें वाद शमण्याऐवजीं भडकला, आणि त्याचीं कारणें केवळ भावनेचीं नव्हतीं. पहिला आक्षेप गणिताचाच होता. माणसाच्या व्यवहारांतील संख्या कशाहि पडलेल्या फांशांसारख्या नसतात. दशांशांची बेरीज-वजाबाकी करतांना यंत्रांत पुष्कळदां पूर्णांकाहून केसभर कमी अशा संख्या उत्पन्न होतात. आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे व्हॉन प्रॅट यांनीं दाखवून दिलें कीं नेमक्या असल्याच संख्या त्या रिकाम्या घरांकडे अधिक वेळां जातात. वर दिलेला ३१४५७२७ हा भाजकसुद्धां, तिनाला दोनानें वीस वेळां गुणून येणाऱ्या संख्येहून एकानेंच उणा आहे.

१२ डिसेंबर रोजीं आयबीएम या बलाढ्य कंपनीनें पेंटियमचे संगणक पाठविणें थांबविलें आणि आपला स्वतंत्र हिशेब प्रसिद्ध केला. तक्त्यांचें काम करणारा मनुष्य रोज पंधरा मिनिटें जरी खरें आंकडेमोडीचें काम करील, तरी तेवढ्यांत चाळीस लाखांहून अधिक भागाकार होतात. त्याला हा दोष चोवीस दिवसांत एकदां भेटेल, असा त्या हिशेबाचा निष्कर्ष होता. सत्तावीस हजार वर्षें कोठें आणि चोवीस दिवस कोठें! तरीहि दोघांपैकीं कोणाच्या त्रैराशिकांत चूक नव्हती. भेद होता तो त्रैराशिकाच्या आधीं गृहीत धरलेल्या गोष्टींत. आयबीएम ही दुसऱ्या दोन कंपन्यांच्या साह्यानें इंटेलशीं स्पर्धा करणारा प्रोसेसर काढीत होती, हेंहि टीकाकारांनीं तेव्हांच निदर्शनास आणलें. म्हणजे दोन्ही पक्ष आंकडे बोलत होते, आणि दोन्ही पक्षांना आपापल्या सोयीचे आंकडे हवे होते.

दुसरा आक्षेप अधिक खोल होता. संगणक बंद पडला तर मनुष्य दुरुस्तीला नेतो. मंद चालला तर कुरकुर करतो. परंतु यंत्रानें सफाईनें चुकीचें उत्तर दिलें, तर तें चुकीचें आहे हें कळावयाला दुसरें यंत्र पाहिजे. अशा वेळीं दोष आपल्याला बाधतो किंवा नाहीं हें गिऱ्हाइकानें सिद्ध करावें, ही अपेक्षाच विपरीत होती. वाण्याच्या तागडीला पासंग आहे असें सिद्ध झाल्यावर तो जर म्हणेल कीं ‘तुमची खरेदी किती नाजूक आहे तें आधीं दाखवा, मग वजन बदलतों’, तर कोणता बाजार तें ऐकून घेईल? फरक रतिभर आहे कीं मणभर, हा प्रश्न नंतरचा. मापाचा खरेपणा ठरविण्याचा अधिकार मापाच्या मालकाकडे असावा कीं मोजून घेणाराकडे, हा खरा वादाचा विषय होता.

२० डिसेंबर १९९४ रोजीं इंटेलनें धोरण पालटलें. झाल्या वागणुकीबद्दल जाहीर क्षमा मागून, जो मागेल त्याला कोणताहि प्रश्न न विचारतां प्रोसेसर विनामूल्य बदलून देण्याचें वचन दिलें. १७ जानेवारी १९९५ रोजीं या प्रकरणापायीं ४७ कोटी ५० लक्ष डॉलरांचा बोजा हिशेबांत धरल्याचें कंपनीनें घोषित केलें. पांच घरांतील शून्यांची ही किंमत पडली. कंपनीचे प्रमुख अँड्र्यू ग्रोव्ह यांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत या दिवसांची हकीकत मोकळेपणानें दिली आहे. आपले ग्राहक म्हणजे संगणक बांधणाऱ्या कंपन्या, अशी इंटेलची समजूत होती. पेटीवरच्या चिठ्ठीनें घरोघरचा मनुष्य आपला ग्राहक झाला आहे, हें त्यांना त्या आठवड्यांत उमगलें.

या गडबडींतच कांहीं गणितज्ञ निमूटपणें उपाय शोधीत होते. क्लीव्ह मोलर, टिम को आणि त्यांचे सहकारी यांच्याशीं इंटेलच्या तज्ज्ञांनींहि सहकार्य केलें. त्यांनीं काढलेली युक्ति पाहून जुन्या पठडींतील कोणाहि शिक्षकाला आनंद वाटेल. भाजक संशयित गटांतला दिसला, तर भाज्य आणि भाजक या दोहोंनाहि आधीं १५/१६ नें गुणावें. भागाकार तोच राहतो आणि भाजक त्या रिकाम्या घरांच्या वाटेवरून दूर होतो. भाज्य व भाजक यांना एकाच संख्येनें संक्षिप्त करून मग भागावें, ही रीति भास्कराचार्यांच्या लीलावतींत सांगितलेली आहे. तेथें ती श्रम वांचविण्यासाठीं आहे, येथें ती यंत्राचा दोष चुकविण्यासाठीं उपयोगी पडली. तत्त्व तेंच.

या वादाचें फळ एका कंपनीच्या नुकसानीपुरतें राहिलें नाहीं. यापुढें इंटेल आपल्या प्रोसेसरांतील ज्ञात दोषांच्या याद्या उघडपणें प्रसिद्ध करूं लागली. १९९५ सालीं आलेल्या पेंटियम प्रो या प्रोसेसरांत, विकल्या गेलेल्या तुकड्याचेहि कांहीं दोष नव्या अंतर्गत सूचना भरून दुरुस्त करण्याची सोय झाली. आणि कितीहि उदाहरणें सोडवून पाहिलीं तरी सर्व उदाहरणें सोडविलीं असें होत नाहीं, हें जाणून, अंकगणित करणाऱ्या भागांची बिनचूकता प्रमेयासारखी सिद्ध करून घेण्याच्या शास्त्राला मोठी चालना मिळाली.

नवें यंत्र बाजारांत आलें म्हणजे त्याचा वेग किती याची चर्चा आधीं होते, आणि तें स्वाभाविक आहे. वेग सर्वांना दिसतो. खरेपणा दिसत नाहीं. तो कोणीतरी बसून तपासावा लागतो. लिंचबर्गच्या प्राध्यापकांनीं चार महिने तपासला, तो कोणाला खालीं पाहावयास लावण्यासाठीं नव्हे, तर आपली बेरीज जुळत नव्हती म्हणून. न जुळणारी बेरीज तशीच पुढें न रेटण्याची ही संवय पूर्वीं प्रत्येक पेढीवरच्या मुनिमाला असे. पै चुकली तरी रात्रीं दिवा लावून तो वही पुन्हा पाही. संगणकाच्या काळांत त्या दिव्याची गरज संपली नाहीं, एवढें पेंटियमच्या भागाकारानें जगाला दाखवून दिलें.