७१ वर्षे अडकलेले खाते
ऑनलाइन खेळाचे खाते कुलूपबंद झाले, की ‘ते तुमचेच कशावरून?’ या प्रश्नाने आठवडाही युगासारखा वाटतो. नांदेड-लातूर ज्याच्या राज्यात होते, त्या निजामाची गोष्ट ऐका.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद शरण आले. २० सप्टेंबरला संस्थानचे १०,०७,९४० पौंड ९ शिलिंग लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या नावावर वळते झाले.  संमती नव्हती, असे निजामाने आठवड्यातच कळवले. नव्या खातेदाराच्या होकाराविना बँक हलेना.

१९५७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने पाकिस्तानचे सार्वभौम कवच मान्य केले. गंमत अशी, की २०१३ मध्ये पाकिस्ताननेच दावा लावून ते गमावले. २ ऑक्टोबर २०१९ चा निकाल भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने लागला. रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंड. निजाम मात्र १९६७ मध्येच निवर्तले होते.