आधी पैसे, मग पुस्तक : भूमिकाखेळांची लोकवर्गणी

ग्रंथव्यवहाराचा विचार करताना आपण लेखक, संहिता आणि वाचक यांविषयी पुष्कळ बोलतो. कागदाचे पैसे कोणी दिले, हा प्रश्न मात्र बहुधा तळटीपेत राहतो. अलेक्झांडर पोपने १७१५ ते १७२० या काळात ‘इलियड’चे इंग्रजी भाषांतर सहा खंडांत काढले, ते वर्गणीदारांच्या आगाऊ पैशांवर. आपल्याकडेही ‘प्रकाशनपूर्व सवलत’ म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. हीच जुनी रीत गेल्या दोन दशकांत एका अनपेक्षित ग्रंथप्रकारात नव्याने रुजली. तो प्रकार म्हणजे अमेरिकेतील टेबलटॉप रोलप्लेइंग गेम. आपण त्यांना भूमिकाखेळ म्हणू.

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि बोलण्यातून गोष्ट घडत जाते. फाशांमुळे तिला अनपेक्षित वळणे मिळतात. विकले जाते ते पुस्तक : नियम, कल्पित जगाचे वर्णन, चित्रे. संहिता अपुरी असणे हा येथे दोष नसून अट आहे. (वाचकनिष्ठ समीक्षा शिकवणाऱ्यांनी या पुस्तकांकडे अजून फारसे पाहिलेले नाही, याचे नवल वाटते.)

या प्रकाराचा आरंभ १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने झाला. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची. खोकी हातांनी भरलेली. भांडवल ओळखीपाळखीतले : ब्रायन ब्लूम यांनी दोन हजार डॉलर घालून भागीदारी घेतली तेव्हा छपाई शक्य झाली. पुढची तीन दशके मात्र नेहमीच्या मार्गाने गेली. प्रकाशक जोखीम घेई, वितरक माल उचली आणि दुकानदार मांडी.

या साखळीला बगल देण्याचे दोन प्रयत्न विशेष लक्षणीय आहेत. ग्रेग स्टोल्झी या लेखकाने २००५ च्या सुमारास ‘मीटबॉट मॅसेकर’ या छोट्या खेळासाठी वापरलेल्या पद्धतीला नाव होते ‘रॅन्सम’, म्हणजे चक्क खंडणी. लेखकाने मजकूर अडवून ठेवायचा, रक्कम जाहीर करायची आणि ती जमली की मजकूर सर्वांसाठी मोफत खुला करायचा. ज्यांनी छदामही दिला नाही त्यांच्यासाठीसुद्धा. वुल्फगांग बाउर यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘ओपन डिझाइन’ची दिशा उलटी होती. तेथे आश्रयदाते आगाऊ पैसे देत, खर्डे वाचत, सूचना करत, आणि तयार झालेली कृती मुख्यतः त्यांच्यासाठीच असे. एकीकडे वर्गणीतून सार्वजनिक विहीर, दुसरीकडे वाड्यातला खासगी आड. पुढे भरभराट झाली ती दुसऱ्या रीतीची, आणि माझ्या मते या इतिहासातील खरी हानी तीच.

२००९ मध्ये ‘किकस्टार्टर’ आले. ठरलेली रक्कम जमली तरच पैसे घ्यायचे, नाही तर कोणाचेच नाही, आणि जमलेल्यातील पाच टक्के संस्थेचे. मॉन्टी कुक यांच्या ‘न्यूमेनेरा’ने २०१२ मध्ये २० हजार डॉलर मागितले, मिळाले ५ लाख १७ हजार. ‘फेट कोअर’ने केवळ तीन हजार मागितले होते, जानेवारी २०१३ पर्यंत दहा हजारांहून अधिक लोकांनी ४ लाख ३३ हजार दिले. त्याचे नियम पुढे मुक्त परवान्याखाली खुले झाले, एवढा स्टोल्झीचा वारसा टिकला म्हणायचा.

पण जास्तीच्या पैशाचे करायचे काय? त्याचे उत्तर ‘स्ट्रेच गोल’ : अमुक रक्कम जमली तर आणखी एक प्रकरण, तमुक जमली तर आणखी एक पुस्तक. साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. मासिक हप्त्यांनी डिकन्सच्या कादंबऱ्यांची लांबी आणि बांधणी घडवली, हे आपण शिकवतोच. येथे तर आशयाची गरज काय आहे हे ठरण्याआधीच विस्तार विकला जातो. ‘एक्झॉल्टेड’ची तिसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१३ मध्ये देण्याचे ठरले होते, सहाशेहून अधिक पृष्ठांचा तो ग्रंथ बाजारात यायला २०१६ उजाडले. त्याच वर्षी ‘सेव्हन्थ सी’च्या दुसऱ्या आवृत्तीने तेरा लाख डॉलर जमवले आणि पुस्तकांची अख्खी मालिका कबूल केली. २०१९ मध्ये ती मालिका ‘केऑसियम’ या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेकडे सोपवावी लागली. जमा रक्कम हा नफा नसतो, ते कर्ज असते.

२०१९ मध्येच किकस्टार्टरने ‘झाइन क्वेस्ट’ हा उपक्रम काढून पिनांनी जोडलेल्या लहान पुस्तिकांना बळ दिले. तो उतारा चांगला होता. तरी मोठ्या रकमा गेल्या त्या आधीच लोकप्रिय असलेल्या कथाविश्वांकडे : २०२१ मध्ये दूरचित्रवाणीवरील ‘अवतार’ मालिकेवर आधारलेल्या खेळाला ९५ लाख डॉलर, २०२४ मध्ये ब्रँडन सँडरसनच्या कादंबऱ्यांवरील खेळाला दीड कोटी. या मोहिमांतून अनोळखी पुस्तकाची पारख होते, असे म्हणवत नाही. मात्र २०२१ मध्येच ‘कोयोटी अँड क्रो’लाही दहा लाखांवर मिळाले. युरोपीय वसाहती कधी झाल्याच नाहीत अशा उत्तर अमेरिकेचे हे जग तेथील मूलनिवासी निर्मात्यांनी रचले. एवढ्या एका पुस्तकासाठी तरी या पद्धतीचे पुष्कळ दोष मी पोटात घालीन.

या पैशाचे वजन किती वाढले, ते जानेवारी २०२३ मध्ये उघड झाले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे मालक ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ यांच्या नव्या परवान्याचा मसुदा फुटला. त्यात साडेसात लाख डॉलरांवरील उत्पन्नात २५ टक्के वाटा मागितला होता. किकस्टार्टरवरून काढलेल्या पुस्तकांना मात्र २० टक्के. लोकवर्गणीला स्वतंत्र दर लागावा, इतकी ती मोठी झाली होती. खेळणारे खवळले, मसुदा मागे पडला आणि २७ जानेवारीला मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले.

त्यानंतर अनेकांनी स्वतःचे स्वतंत्र नियमग्रंथ रचायला घेतले. त्यांपैकी ‘एमसीडीएम’ या संस्थेच्या खेळाला २०२३ च्या डिसेंबरात ‘बॅकरकिट’वर ४६ लाख डॉलर मिळाले. पैसे देणाऱ्यांनी पुढे खर्डे वाचले, खेळून पाहिले, हरकती घेतल्या. २०२५ मध्ये तो ग्रंथ ‘ड्रॉ स्टील’ म्हणून बाहेर पडला. पैसे भरले तेव्हा त्याला नावही नव्हते.